तृणमण्यातली खिडकी

१

रोज सकाळी कामाला बसलं की घासूताईचा अंगठा आधी नाकाच्या बाजूला जायचा. सर्दी नाही, घाम नाही, सवय म्हणाल तर तीही नुसती सवय नव्हे. तो तिच्या कामाचाच भाग होता. ऐकून कुणाला शिसारी येईल, येऊ दे बापडी. पण सांगायला तर हवंच, कारण पुढचं सगळं रामायण त्या अंगठ्यापासून सुरू झालं.

घासूताई संग्रहालयाच्या तळघरात तृणमणी घासायची. तृणमणी म्हणजे झाडाचा चीक. सालीवरून ओघळलेला, गोठलेला आणि मग कोट्यवधी वर्षं मातीखाली पडून दगडासारखा घट्ट झालेला. रंग मधाचा. त्या चिकात तेव्हा जे बिचारं अडकलं ते अडकलंच, मुंगी म्हणा, डास म्हणा, पिसाचा तुकडा म्हणा. पण वरून साल काळीकुट्ट आणि खरबरीत, आतलं काही दिसेल तर शपथ. म्हणून एका बाजूनं घासून घासून नखाएवढी सपाट, चकचकीत जागा करायची आणि तिथून आत बघायचं. याला तिच्या धंद्यात खिडकी काढणं म्हणत.

खिडकी कितीही घासा, केसाहून बारीक चरे राहतातच. त्यावर जुन्या कारागिरांचा एकच उपाय. नाकपुडीशेजारी अंगठा फिरवायचा आणि तो तेलकट अंगठा खिडकीवरून हलकेच ओढायचा. चरे भरून जातात आणि आतलं सगळं लख्ख दिसतं. "याहून चांगलं तेल दुकानात मिळत नाही," असं तिला काम शिकवणारे म्हातारबा म्हणायचे, "आणि नाक काही भाडं मागत नाही."

त्या सकाळी वरच्या मजल्यावरून मॅडम स्वतः खाली आल्या. मॅडम माइटवर संशोधन करत. माइट म्हणजे गोचिडीची धाकटी भावंडं, इतकी बारीक की भिंगाखाली धरल्याशिवाय आहेत की नाहीत तेच कळू नये. मॅडमच्या तळहातावर घेवड्याच्या दाण्याएवढा एक खडा होता.

"ताई, याला जीवापाड जपा. आतला पाहुणा फार जुना आहे."

"तुमचे पाहुणे सगळे जुनेच. ताजा कधी आणलात?"

मॅडम हसल्या आणि त्यांनी यंत्रातून काढलेलं खड्याच्या पोटातलं चित्र दाखवलं. लांबुळकं पोट, तोंडापाशी आखूड पायांच्या जोड्या, डोळे नाहीत.

"हे पाय बघा. मोकळ्यावर हिंडणाऱ्या माइटचे पाय लांब असतात. पण कुणाच्या अंगावर कायमचा मुक्काम ठोकला की पिढ्यान्‌पिढ्या पाय आखूड होतात, डोळे जातात, पोट लांबतं. जायचंच नाही कुठं, तर पाय हवेत कशाला? असाच आकार आजच्या एका माइटचा आहे. तो आपल्या तोंडावर राहतो. नाकाच्या बाजूला, पापण्यांच्या मुळाशी."

"अगंबाई! माझ्या तोंडावर?"

"माझ्याही. सगळ्यांच्याच. आईनं गालाला गाल लावला की बाळाकडे जातो. कुणाला पत्ता लागत नाही, त्रासही नाही."

"मग यात नवल ते काय?"

"नवल हे, की हा चिकात अडकला तेव्हा जगात असं तोंडच नव्हतं कुणाचं. माणूस तर फार पुढची गोष्ट. मग हा असा घडला कुणासाठी?" मॅडमनी खडा तिच्या हातावर ठेवला. "घर बांधायच्या आधीच भाडेकरू हजर, ताई."

दोघी हसल्या. तळघरात हसू जरा जास्तच घुमतं, म्हणून लवकर थांबल्याही.

२

घरी लेक होती आणि लेकीची तान्ही लेक होती. जावई बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने पाण्यावर, म्हणून दोघींचा मुक्काम आईकडे. फार वाट बघायला लावून झालेली पोर ती. दोनदा आशा लागून मोडली होती. तेव्हा घासूताईनं रडणाऱ्या लेकीला कुशीत घेऊन सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा मी आहे ना, काही होऊ देत नाही." यात तिच्या हातात काय होतं म्हणा! पण पोर धडधाकट झाली आणि तो शब्द आपणच पाळला असं तिला मनोमन वाटत राहिलं.

पोरीचं नाव कागदावर काय असेल ते असो, घरात ती ठमी होती. आणि घरातला कायमचा वाद एकच, ठमी कोणावर गेलीय? नाक बापाचं नव्हतं, डोळे आईचे नव्हते. पण डाव्या कानापुढे, गाल सुरू होतो तिथं, मसुरीएवढी तपकिरी जन्मखूण होती. तशीच लेकीला, तशीच घासूताईला.

"शिक्का आमचा आहे," घासूताई म्हणायची, "माल कुणाचाही असो."

"आई, काहीतरीच काय!"

कामावरून आल्यावर तिचा एक नेम होता. हातपाय स्वच्छ धुवायचे, ठमीला उचलायचं आणि खुणेला खूण भिडवायची. गालाला गाल. ठमी आधी दचकायची आणि मग तिच्या कानात ओलं ओलं हसायची. दिवसभराचा शीण तिथल्या तिथे उतरायचा. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात ते खोटं नाही.

३

आता झालं ते असं. खिडकी जवळजवळ होत आली होती. आणखी एक हात मारायचा आणि थांबायचं, एवढंच उरलेलं. तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. "आई, ऐक, ऐक!" आणि पलीकडून ठमीचं हसणं. हसणं कसलं, खिदळणं. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं.

फोन कानाशी आणि खडा घासायच्या फिरत्या चाकाशी. ज्या बाईनं उभ्या जन्मात एका हातानं काम केलं नाही, तिनं त्या दिवशी केलं. 'टिक' असा बारीकसा आवाज झाला.

तिनं फोन ठेवला, चाक बंद केलं. खिडकीच्या मधोमध एक रेघ गेली होती. केसाएवढी. तिनं खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रेघ खिडकीपासून निघून सरळ आत, त्या पाहुण्याच्या तोंडापर्यंत पोचली होती. पाहुणा जागच्या जागी होता. पोट भरलेलं, पाय दुमडलेले.

असा खडा जगात दुसरा नव्हता. मॅडमना काय सांगणार? नातीचं हसणं ऐकत होते म्हणून? तिचं डोकं चालेना, पण अंगठा चालला. नाकाच्या बाजूनं फिरला आणि रेघेवर ओढला गेला. रेघ बुजली. तिनं श्वास सोडला, तर रेघ पुन्हा दिसायला लागली.

तिनं पुन्हा तेल दिलं. ते पुन्हा आत गेलं. तान्हं बाळ बोट तोंडात घेतं ना, तशी ती चीर तेल घेत होती. अंगठ्याला तसं जाणवलंसुद्धा, अगदी हलकी ओढ. घासूताईनं हात मागे घेतला आणि मग स्वतःलाच दटावलं. चीर म्हणजे चीर, फटीत तेल शिरणारच, त्यात एवढं काय? नाकाची बाजू कोरडी पडेपर्यंत ती देत राहिली, तेव्हा कुठं रेघ बुजली ती बुजली.

खडा तिनं डबीत घालून वर पाठवला. घरी आली, हात दोनदा घासून धुतले, ठमीला उचललं आणि गालाला गाल लावला. हात धुतले होते हो. गाल कोण धुतं?

४

काही दिवस सुखाचे गेले आणि मग आवाज सुरू झाला.

ओला पॉलिश पेपर दगडावरून फिरतो तेव्हा होतो तसा. खस्स… खस्स… हा तर तिच्या पोटापाण्याचा आवाज, चाक चालू असताना लक्षातही आला नसता. पण तिनं चाक बंद केलं, वायर काढली, तरी तो चालूच. तिनं शेजारच्या खोलीत डोकावून पाहिलं. तिथं नुसती कपाटं. भिंतीला कान लावला, तर भिंत मुकी. भिंतीपासून कान काढला, आवाज होताच.

मग तो घरीही यायला लागला. नळाखाली, आरशापुढे, भाजी चिरताना. डाव्या बाजूला, कानापाशी.

कानाच्या डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं. "काही नाही. मळसुद्धा नाही. इतकी वर्षं चाकापाशी बसलात, कान वाजणारच."

"डॉक्टर, कानात नाही वाजत. कानापुढे वाजतं."

"सगळ्यांना तसंच वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. तिला पटलं. पटवून घेतलं म्हणा. माणसाला शहाणं राहायचं असेल तर पुष्कळ गोष्टी पटवून घ्याव्याच लागतात.

एके सकाळी संग्रहालयाच्या दारावरची रखवालदारीण तिला अडवून म्हणाली, "ताई, तोंडाला काय लावता हो? आम्हालाही सांगा की! चेहरा कसा काचेसारखा दिसतोय!"

"साबण आणि पाणी," घासूताई म्हणाली. मनातून खूश झाली होती, खोटं कशाला बोला. या वयात कोण म्हणतं असं?

संध्याकाळी लेक तिच्याकडे बघता बघता थबकली. "आई, तुझी खूण कुठं गेली?"

"कुठं जातेय? इथंच तर—" तिनं बोट लावलं. बोट घसरलं. खूण असलेली जागा जरा खडबडीत होती तिची, लहानपणापासूनची. तिथं आता सपाट होतं. गुळगुळीत, थंड.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. तिनं लेकीच्या गालाकडे बघितलं. लेकीची खूण जिथल्या तिथे होती. मग दोघींची नजर पाळण्याकडे गेली.

"ठमीचीही फिकटलीय थोडी," लेक सहज म्हणाली. "लहान मुलांच्या जातात अशा. नाही का?"

"जातात," घासूताई म्हणाली. "जातात ना."

५

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला वर बोलावलं. खडा सूक्ष्मदर्शकाखाली होता.

"ताई, तुम्ही काम केलंत तेव्हा आत काय दिसलं होतं? भरीव, की नुसता साचा?"

"भरीव. पोट भरलेलं."

"आता पोकळी आहे. म्हणजे तशी नेहमीच असते म्हणा, तृणमण्यातले जीव बऱ्याचदा आतून रिकामेच निघतात. उजेडानं फसायला होतं." मॅडम स्वतःचीच समजूत काढत होत्या, हे घासूताईला कळलं. रोज तेच तर करत होती ती.

मग मात्र तिला राहवलं नाही. फोनचं, चिरीचं, तेलाचं, सगळं तिनं सांगून टाकलं. खाई त्याला खवखवे. आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

पण मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मऊ ओल्या कापसानं खिडकी पुसली. तेल गेलं, चीर उघडी पडली. "बघा बरं तुम्ही. तुटलेलं आणि घासलेलं तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय."

तिनं डोळा लावला. तडकलेल्या तृणमण्याची कड कशी असते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. धारदार, फुटक्या बशीसारखी. या चिरीची कड तशी नव्हती. गोल होती, गुळगुळीत. तोंडाशी बारीक पिवळट पूड साचली होती, चाकाखाली साचते तशीच. आणि चिरीच्या भिंतीवर चरे होते, सगळे एका दिशेनं गेलेले.

"मॅडम, हे फुटलेलं नाही. म्हणजे आधी फुटलं, पण नंतर घासून रुंद केलंय."

"तुम्ही?"

"माझ्या चाकाचे चरे बाहेरून येतात. हे आतून बाहेर आलेत."

विचार करताना जातो तसा मॅडमचा हात नाकाच्या बाजूला गेला आणि मधेच, हवेतच थांबला. खिडकीवरचे चरे त्याही त्याच तेलानं घालवत होत्या, शिकवणारी घासूताईच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खोलीत कुठलंही यंत्र चालू नव्हतं.

"तुम्हालाही येतोय का आवाज?" घासूताईनं हळूच विचारलं.

"कसला आवाज?" मॅडम म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

६

त्या दिवसापासून तिनं ठमीला उचलणं सोडलं.

कधी पाठ दुखते म्हणाली, कधी सर्दी आहे म्हणाली, तोंडाला फडकं बांधून घरात हिंडली. ठमी तिच्याकडे बघून हात नाचवायची आणि ही स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची, रडू ऐकू जाऊ नये म्हणून. हे सांगायचं कुणाला? डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. ती स्वतःही तेच म्हणत होती. माइट सगळ्यांच्या तोंडावर असतात. खुणा फिकटतात. कान वाजतात. एकेक गोष्ट वेगळी धरली तर कशालाच अर्थ नव्हता, आणि ती एकेकच धरत होती.

एक गोष्ट मात्र धरवेना. ठमी रडेनाशी झाली होती. हसतही नव्हती. कुशीवर पडून, डावा गाल वर करून, काहीतरी ऐकत असल्यासारखी शांत असायची. लेक म्हणायची, "किती गुणाची गं माझी बाय!"

शेवटी एका दुपारी लेकीचा बांध फुटला. ठमीला कडेवर घेऊन ती आईसमोर उभी राहिली.

"आई, काय चुकलं तिचं? पहिल्या दोन वेळी माझ्याहून जास्त तू रडली होतीस. आणि आता ही आलीय तर तू तिला हात लावत नाहीस. नकोशी झालीय का ती तुला? तसं असेल तर सरळ सांग. मी जाते माझ्या घरी, एकटी राहीन."

"नकोशी?" घासूताई म्हणाली. "अगं, ती मला नकोशी होईल का? माझा जीव आहे तो!"

"मग घे तिला."

आणि तिनं घेतलं. काय करणार? त्या एका शब्दापुढे नाही म्हणेल अशी आजी अजून जन्मायचीय. खिडकीशी खुर्ची होती, तिथं ती बसली, तोंडावरचं फडकं घट्ट केलं, एक हात डोक्याखाली घेऊन ठमीला मांडीवर निजवलं. जवळ घेतलं की वास आला, दुधाचा, अंगाचा. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. हाताच्या इवल्या मुठी, मानेची वळी, सगळं. घासूताईला वाटलं, वेडी आहेस तू, ठार वेडी.

मग ढग सरला आणि ऊन ठमीच्या डाव्या गालावर आलं.

खूण नव्हती. खुणेच्या जागी नखाएवढी सपाट जागा होती. चकचकीत. उन्हात तिचा रंग मधासारखा दिसत होता आणि ऊन त्या जागेवर थांबत नव्हतं, आत जात होतं.

घासूताईनं जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं. ओळखायला भिंग लागलं नाही. कडा एकसारख्या गोल, मधे कुठं खळगा नाही, घाई नाही. तिच्याहून सराईत हात होता तो. फक्त शेवटचे, केसाहून बारीक चरे तेवढे राहिले होते.

पुढचं तिनं केलं असं म्हणवत नाही. अंगठ्यानं केलं. तो फडक्याखाली शिरला, नाकाच्या बाजूनं फिरला आणि ठमीच्या गालावरून हलकेच ओढला गेला. चरे भरून निघाले. आतलं लख्ख दिसलं.

आत उजेड होता. पिवळा, खोल, एवढ्याशा गालात मावणार नाही इतका खोल. त्या खोलातून काहीतरी पुढं येत होतं, सावकाश, आखूड पायांवर. येत येत ते खिडकीशी टेकलं. आणि मग पलीकडून, अगदी तसंच, काहीतरी काचेवरून एकदा हलकेच ओढलं गेलं. अधिक स्वच्छ दिसावं म्हणून पुसतात तसं.

तिनं तळवा गालावर दाबून धरला. तळव्याखाली खस्स… खस्स… चालू होतं. ठमी तिच्याकडे एकटक बघत होती आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

"बघ, आजीकडे गेल्यावर कशी हसली!" लेकीनं डोळे पुसले. तिचा राग कुठल्या कुठे पळाला होता. "आणि एवढं काय बघत होतीस गं तिच्यात?"

"कोणावर गेलीय ते," घासूताई म्हणाली. आवाज आपलाच आहे की नाही याची तिला खात्री नव्हती.

"मग? कळलं?"

घासूताईनं तळवा आणखी घट्ट दाबला.

"हात काढ ना, मलाही बघू दे."

"थांब."

"आई, हात काढ की!"

"थांब गं. जरा थांब."

लेक हसत हसत पुढं आली आणि खुर्चीशी वाकली, तशी तीही उन्हात आली. ऊन तिच्या डाव्या गालावर पडलं आणि तिथं थांबलं नाही. घासूताईला तिथंही तळवा ठेवायचा होता, ताबडतोब ठेवायचा होता. पण तिचा दुसरा हात ठमीच्या डोक्याखाली होता.